पाडारचा सूर्योदय गाठायचा तर आदली रात्र बोटीवर काढा

यावेळी प्रवासाच्या पानासाठी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागेबद्दलचे आहेत, इंडोनेशियातलं पाडार बेट, म्हणून हे पान पूर्ण त्यालाच दिलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोमोडो आणि रिन्चा या दोन मोठ्या बेटांच्या मधे हे बेट आहे, डोंगराची एक लांब धार आणि तिच्या दोन्ही अंगांना समुद्राने आत शिरून केलेले अर्धगोल किनारे, वर उभं राहिलं की हे सगळं एकदम दिसतं. हा सगळा भाग कोमोडो नॅशनल पार्कात येतो, पार्क १९८० साली झालं आणि १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पाडारवर गाव नाही, हॉटेल नाही, रेंजरची चौकी तेवढी आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी उत्तरं यातूनच येतात.

प्रश्न: मी आणि माझा नवरा आठवडाभरासाठी बालीला जातोय, त्यातले दोन दिवस पाडारसाठी काढू शकतो. लाबुआन बाजोला हॉटेलात राहायचं आणि पहाटे स्पीडबोटने निघायचं असा प्लॅन आहे. एजंट म्हणतो सूर्योदय मिळेल. खरंच मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगते कारण यावरच बहुतेकांची निराशा होते. लाबुआन बाजो हे फ्लोरेस बेटावरचं बंदराचं गाव, बालीहून विमानाने साधारण सव्वा तास. तिथून रोजच्या शेअरिंग स्पीडबोटी सुटतात त्या सकाळी सहाच्या आसपास आणि पाडारला पोचायला तास-दीड तास लागतो, म्हणजे तुम्ही पहिल्या पायरीवर पाय ठेवाल तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असेल आणि ऊन लागायला सुरुवात झालेली असेल. लाकडी बोट असेल तर तीन-चार तास. एजंट ज्याला सूर्योदय म्हणतोय तो तुम्हाला वाटेत बोटीतून दिसेल, तोही सुंदरच असतो पण तुम्ही विचारताय तो हा नव्हे.

आता हिशोब बघा, कारण इथे पहाट आपल्या अंदाजाप्रमाणे वागत नाही. पाडार विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम साडेआठ अंशांवर आहे, तिथे सूर्य जवळजवळ सरळ उभा वर येतो, तिरका सरकत नाही, त्यामुळे तांबडं फुटण्यापासून बिंब दिसेपर्यंतचा वेळ फार थोडा असतो. क्षितिजावर पहिला पुसट उजेड दिसल्यापासून सूर्य यायला पाऊण तास, आणि विजेरीशिवाय पायरी दिसायला लागल्यापासून फक्त वीस-बावीस मिनिटं. चढायला लागतात तीस ते पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे उजाडल्यावर निघू म्हणाल तर सूर्य तुम्हाला अर्ध्या वाटेवर गाठणार. अंधारातच निघायचं. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास असतो तेव्हा पाच-सव्वापाचला पायथ्याशी हवं, आणि नोव्हेंबरमध्ये तो साडेपाचलाच होतो, मग सव्वाचारला. एप्रिलमध्ये सहा धरा. घड्याळाचं एक सोपं आहे, बाली आणि फ्लोरेसची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे बालीहून जाताना काही बदलायचं नाही.

मग मार्ग एकच, रात्र बोटीवर काढायची. लाकडी बोटी मुक्कामी ट्रिप करतात, एका रात्रीची किंवा दोन रात्रींची, आणि त्या रात्री पाडारच्या आडोशाला नांगर टाकून थांबतात. तुमच्याकडे दोन दिवस आहेत तर एका रात्रीची घ्या: पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने या, दुपारपर्यंत बोटीवर चढा, रात्र पाडारजवळ, पहाटे चढाई, संध्याकाळी बंदरात परत. पण त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका. समुद्र खवळला, प्रवाह उलटा लागला तर दोन-तीन तास कुठेच जातात. दोनाचे अडीच दिवस करता आले तर करा, बालीचा एखादा बीच कमी करा, काही बिघडत नाही.

सूर्यास्ताला गेलं तर चालेल का असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. दिसतं छान, पण त्या पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात, वाटेत एक झाड नाही, आणि उतरताना अंधार होतो. ज्यांना पहाट जमतच नाही त्यांनीच तो विचार करावा, आणि तोही रेंजर किती वाजेपर्यंत वर थांबू देतात हे आधी विचारून.

प्रश्न: मी ६२ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात पण रोज चालते. मुलगा-सून म्हणतात आई तू बोटीवरच थांब, आम्ही वर जाऊन येतो. मला मात्र जायचंय. कितपत जमेल?

उत्तर: काकू, जा. पण कुठपर्यंत जायचं हे आधी ठरवून जा. पाडारचं हे फार कमी लोक सांगतात की तिथे बघण्यासारखं सगळं फक्त टोकावर आहे असं नाहीये. सुरुवातीला लाकडी फळ्यांची वाट आहे, मग दगडी पायऱ्या, सगळ्या मिळून आठशेच्या आसपास असतील, आणि शेवटी टोकाकडे सुटी खडी आणि खडक. वाट धारेवरूनच चढते त्यामुळे अर्ध्याच्या आतच दोन्हीकडचा समुद्र दिसायला लागतो, मधे मधे थांबायला सपाट जागाही आहेत. दोन-तृतीयांश पायऱ्या चढलात की तो ओळखीचा देखावा जवळजवळ पूर्ण तुमचा झालेला असतो. वरचा टप्पा तरुणांसाठी सोडा, कारण तिथे घसारा आहे, आणि गुडघ्याची खरी परीक्षा चढताना नाही तर उतरताना त्या घसाऱ्यावर होते.

पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. काही ठिकाणी मोठा पाय टाकावा लागतो. दोन ट्रेकिंगच्या काठ्या न्या, एक नको दोन, उतरताना आधी काठ्या खाली टेकवायच्या मग पाय. चप्पल किंवा सँडल नको, तळाला पकड असलेले बूट. विजेरी हातातली नको, डोक्याला बांधायची हवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि प्रकाश कमीत कमी ठेवा म्हणजे डोळे अंधाराला सरावतात आणि मागून येणाऱ्यांच्याही तोंडावर झोत जात नाही.

आणि मुलाला सांगा की आपल्याबरोबर नको, तुझ्याआधी वीस मिनिटं मला सोड, सोबत बोटीवरचा गाइड दे. माणसाला दम लागतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वेगाने चढण्यामुळे. तुम्ही तुमच्या चालीने गेलात, बोलता येईल इतक्याच वेगाने, तर पोचाल. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र नाही, कारण बेटावर दवाखाना नाही आणि लाबुआन बाजो बोटीने तासांच्या अंतरावर आहे.

चढाईपेक्षा मला तुमच्या बाबतीत काळजी वाटते ती मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरण्याची. काळोख असतो, दोन्ही बोटी वरखाली होत असतात, फळी ओली असते. तिथे घाई करू नका, खलाशाचा हात मनगटाजवळ घट्ट धरा, होडी वर आली की पाय टाका, खाली जात असताना नाही. लाइफ जॅकेट घातलेलं असूद्या, किनारा दहा मीटरवर असला तरी. उन्हाचं म्हणाल तर साडेसातच्या आत खाली या, त्यानंतर तिथे सावली शोधून सापडत नाही. माणशी एक लिटर पाणी न्या, वर काही विकत मिळत नाही.

प्रश्न: फोटोंमध्ये कधी डोंगर हिरवेगार दिसतात कधी एकदम पिवळे-तपकिरी. हिरवे बघायचे तर कधी जायचं?

उत्तर: पावसानंतर. या भागात पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च पडतो, बाकी वर्षभर ऑस्ट्रेलियाकडून कोरडं वारं येतं त्यामुळे हा इंडोनेशियातल्या अगदी कोरड्या भागांपैकी एक आहे, जंगल नाही, गवताळ माळ आणि अधूनमधून ताडाची झाडं. मार्च-एप्रिलला हिरवं असतं, मे-जूनला रंग उतरायला लागतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर पूर्ण सोनेरी-तपकिरी. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, हिरवाई बऱ्यापैकी आणि समुद्रही शांत. फक्त हिरव्या रंगासाठी जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका, तेव्हा वायव्येकडून मोसमी वारं असतं, लाटा मोठ्या, आणि बंदराचा अधिकारी बोटींना परवानगीच नाकारतो, कधी कधी सलग काही दिवस. जुलै-ऑगस्टला आभाळ स्वच्छ असतं पण आग्नेयेचा वारा जोरात असतो, धारेवर पहाटे चक्क थंडी वाजते, एक विंडचीटर ठेवा. गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त.

तपकिरी दिवसांत जाणार असाल तर एक विनंती, घरात जो कुणी सिगरेट ओढतो त्याला बोटीवरच थांबवा किंवा खिसे रिकामे करायला लावा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच पार्कातल्या गिली लावा बेटावर आग लागून सगळा माळ काळा पडला होता, पर्यटकांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवलं गेलं. त्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि विझवायला बेटावर पाणी नाही.

प्रश्न: कोमोडो ड्रॅगन पाडारवर असतात का? अंधारात चढायचं म्हणजे भीती वाटते. आणि एक विचारायला अवघड वाटतंय, ट्रिपच्या तारखा माझ्या पाळीच्या तारखांवर येतायत, तर मला जाऊ देतील ना? कुठेतरी वाचलं की ड्रॅगनला रक्ताचा वास येतो.

उत्तर: अवघड काहीच नाही यात, बरं झालं विचारलंत, हा प्रश्न कितीतरी जणींच्या मनात असतो आणि त्या ट्रिप पुढे ढकलतात नाहीतर गोळ्या घेतात.

आधी पाडारचं. कोमोडो ड्रॅगन म्हणजे घोरपडीच्या कुळातलाच प्राणी, पण तीन मीटरपर्यंत वाढणारा. पाडारवर ते पूर्वी होते, १९७५ नंतर दिसेनासे झाले, त्यांचं मुख्य खाणं म्हणजे तिथली हरणं, ती चोरट्या शिकारीने संपत आली म्हणून हे झालं असं मानतात. आता पुन्हा काही मोजके आहेत. शेकड्यांनी आहेत ते कोमोडो आणि रिन्चा बेटांवर. ड्रॅगन हा दिवसाचा प्राणी आहे, रात्री बिळात किंवा आडोशाला पडून असतो, ऊन आलं की अंग तापवायला बाहेर येतो. त्यामुळे अंधारात तुम्हाला भीती बाळगायची असेल तर सापाची बाळगा, या बेटांवर आपल्या घोणसाचा एक भाऊबंद आहे, तो गवतात असतो. वाट सोडायची नाही, खडकावर हात टेकवण्याआधी उजेड टाकायचा, शॉर्टकट म्हणून गवतातून जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. एवढं पाळलं तर पायऱ्यांची ही वाट अंधारातही सुरक्षित आहे.

पाळीचं. पाडार चढायला काहीच अडचण नाही. प्रश्न येतो तो नंतर कोमोडो किंवा रिन्चावर ड्रॅगन बघायला उतरता तेव्हा. ड्रॅगनला वास खरंच फार तीव्र येतो, जिभेने हवा चाखून तो कित्येक किलोमीटरवरचं मेलेलं जनावर शोधतो. म्हणून तिथले रेंजर ट्रेक सुरू व्हायच्या आधी विचारतात की कुणाला पाळी चालू आहे का, कुणाला उघडी जखम आहे का. खरं सांगा. ते तुम्हाला परत पाठवत नाहीत, ग्रुपच्या मधे स्वतःच्या जवळ चालवतात, बास. गाइड पुरुष असला आणि बोलायला जड जात असेल तर बोटीवरच आदल्या दिवशी नवऱ्याकडून किंवा मैत्रिणीकडून निरोप द्या. लपवू मात्र नका, कारण त्या माणसाच्या हातात फक्त एक दोन फाट्यांची लांब काठी असते आणि अख्ख्या ग्रुपची जबाबदारी असते. कोमोडो ड्रॅगन २०२१ पासून जगाच्या लाल यादीत धोक्यातल्या प्राण्यांमध्ये आहे, त्याच्यापासून अंतर राखणं हे आपल्याइतकंच त्याच्याही भल्याचं आहे.

प्रश्न: माझा मित्र जाऊन आला, त्याच्या फोटोत आभाळ भगवं आणि खालचे किनारे काळे ठिक्कर आलेत. तीन रंगांच्या वाळूचे म्हणतात ते कुठे आहेत मग? ड्रोन नेऊ का?

उत्तर: किनारे तिथेच होते, मित्र लवकर उतरला. सूर्य क्षितिजावर आला तरी किनारे खाली डोंगरांच्या सावलीत असतात, वर आभाळ पेटलेलं आणि खाली अंधार, हा फरक कुठल्याच मोबाइलला एका फोटोत पेलत नाही. लोक बिंब वर आलं की टाळ्या वाजवतात आणि उतरायला लागतात, आणि खरी मजा नेमकी तेव्हा सुरू होते. सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास थांबा. ऊन धारेवरून हळूहळू खाली उतरतं, आधी डोंगराच्या घड्या उठून दिसतात, मग एकेक किनारा उजळतो, आणि तेव्हा कळतं की एक पांढरा आहे, एक काळपट-राखाडी आणि एक गुलाबी झाक असलेला. गुलाबी रंग लाल प्रवाळाच्या चुऱ्याने येतो, वाळू ओली असली की जास्त जाणवतो, उंचावरून हलकाच दिसतो, इन्स्टाग्रामवर असतो तसा भडक नाही हे मनाशी धरून जा. सूर्य जुलैत ईशान्येच्या अंगाने येतो आणि डिसेंबरमध्ये आग्नेयेच्या, त्यामुळे दुसऱ्याचा फोटो बघून जागा ठरवत असाल तर तो कुठल्या महिन्यातला आहे ते विचारा.

उजाडायच्या आधी वर पोचलात तर मोबाइल दगडावर टेकवून नाइट मोडवर दोन-तीन फोटो काढा, मग खिशात ठेवा आणि नुसतं बघा. त्या वीस मिनिटांत समुद्राचा रंग शाईसारख्या निळ्यापासून चांदीसारखा होतो, ते फोटोत येत नाही.

ड्रोनला पार्कची वेगळी परवानगी लागते, तीही आधी काढलेली. ती नसेल तर नेऊच नका. अजून एक, तिथे ५०,००० रुपयाहची नोट हातात आली की मागची बाजू बघा, नर्तकीशेजारी हाच डोंगर आणि हेच किनारे छापलेत, मुलांना फार आवडतं ते.

प्रश्न: टॉयलेट, नाश्ता, पैसे, व्हिसा, थोडक्यात सांगा.

उत्तर: टॉयलेट बोटीवर उरकून निघा, वाटेवर नाही. नाश्ता उतरून आल्यावर बोटीवर मिळतो, चढायच्या आधी केळं किंवा दोन खजूर खा, उपाशी पोटी नको आणि भरल्या पोटीही नको. पैसे रोख रुपयाह न्या, बेटांवर एटीएम नाही. भारतीय पासपोर्टला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५,००,००० रुपयाह, ३० दिवसांचा, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते, पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा. पार्कची फी आणि दिवसाला किती लोक सोडायचे याचे नियम सतत बदलतात, बोट बुक करताना त्या आठवड्याचे विचारा आणि बोटीच्या भाड्यात फी धरलीये का तेही लिहून घ्या.

प्रश्न: आमची मुलगी आठ वर्षांची आहे. चढेल ती, गडकिल्ले फिरतो आम्ही. पण बोटीत रात्र काढायची म्हटलं की छातीत धस्स होतं. बोट चांगली आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: या पानावरचा हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि सगळ्यात कमी लोकांनी विचारलाय. सगळे सूर्योदयाचं विचारतात, बोटीचं कुणी विचारत नाही. या पाण्यात पर्यटकांच्या बोटी बुडाल्यात, माणसं गेलीयेत. इथे उत्तरेला फ्लोरेस समुद्र आणि दक्षिणेला हिंदी महासागराची बाजू, आणि भरती-ओहोटीला सगळं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या खिंडींतून ढकललं जातं, म्हणून प्रवाह प्रचंड असतात, वरून पाणी शांत दिसलं तरी. चांगला कॅप्टन भरतीची वेळ बघून खिंड पार करतो आणि रात्री चालवत नाही.

म्हणून स्वस्त-महाग नंतर बघा, आधी हे प्रश्न विचारा. रात्री बोट चालणार की नांगरावर थांबणार? चालणार असेल तर ती बोट नको. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, फोटो पाठवा म्हणा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटतं, त्याचा उपयोग नाही. रेडिओ आहे का. लाइफ राफ्ट आहे का. किती माणसांची परवानगी आहे आणि तुमच्या ट्रिपला किती जण आहेत. बंदराने प्रवास थांबवला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या, कारण पैसे बुडायच्या भीतीने माणसं खराब हवेत जायचा आग्रह धरतात. शेवटच्या दोन दिवसांत इंडोनेशियाच्या हवामान खात्याचा, बीएमकेजीचा, लाटांचा अंदाज बघत राहा.

बोटीवर चढल्यावर पहिल्यांदा जॅकेटं कुठे आहेत ते बघा आणि मुलीला एकदा घालून बघायला लावा, ती खेळ म्हणून करेल. केबिन खालच्या मजल्यावरची देत असतील तर बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत का बघा, एकच असेल तर वरची मागा किंवा डेकवर गाद्या घालून झोपा, तिथे बरेच जण तसंच झोपतात आणि हवाही छान लागते. मुलीला बोट लागत असेल तर तिच्या डॉक्टरांकडून औषध आणि त्याचं प्रमाण आधीच विचारून घ्या. नांगरावर बोट फार हलत नाही, त्रास होतो तो चालत्या बोटीत, तेव्हा तिला मधल्या भागात बसवा आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा, मोबाइल देऊ नका.

आणि पहाटे कॅप्टन म्हणाला की आज वारा आहे, होडी किनाऱ्याला लावता येणार नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका. दोन रात्रींची ट्रिप असेल तर दुसऱ्या पहाटे पुन्हा संधी मिळू शकते, म्हणून मूल बरोबर असताना मी दोन रात्रींचीच घ्या म्हणेन.